न्देयापो निघाली आहे

हे खरं आहे.

भुताच्या गोष्टीत रात्र हवीच, असं ज्यांना वाटतं त्यांची निराशा होईल. यात रात्र नाही. सगळं भर दिवसा घडलंय. आमच्या राजधानीत, विंडहुकमध्ये, वानाहेडा भागात, तापलेल्या पत्र्याच्या एका घरात. घर माझ्या मावसबहिणीचं, सायमाचं. नावं मी बदललेली नाहीत. बदलायची नाहीत, असं तिने मला बजावलंय. का, ते पुढे कळेल.

सायमाला मुलगी झाली तेव्हा तिच्या नवऱ्याने, तांगेनीने, मुलीला आपल्या आत्याचं नाव दिलं.

न्देयापो. म्हणजे, मी येऊन पोचले.

तांगेनीची आई शहरात कामाला होती, म्हणून त्याला लहानाचा मोठा केला तो आत्याने. दूर उत्तरेत, ओकालोंगोजवळच्या घरी.

आमच्यात नाव दिलं की नुसतं नाव जात नाही, नातंही सोबत जातं. एका नावाच्या दोघी एकमेकींच्या म्बुशे. मग त्या पोरीला घरात कोणी पोर समजत नाही. तांगेनी सात महिन्यांच्या लेकीला आत्याच म्हणायचा.

"आत्या, पुन्हा गादी ओली केलीस? मला यावरून झोडपायचीस तू."

सासूबाई, मेमे हिल्या (मेमे म्हणजे आई; बाईमाणसाला आम्ही मानाने असंच म्हणतो), तर नातीला वन्सं म्हणायच्या. "जन्मभर तुमची बोलणी खाल्ली, वन्सं. आता गुमान माझ्या हातून न्हाऊन घ्या."

खऱ्या आत्याने मात्र आपल्या म्बुशेला अजून पाहिलंच नव्हतं. आधी गुडघे धरले होते, मग बाजरीची पेरणी आली. येते, येते म्हणायची. सायमाला वाटलं, म्हातारीला जरा खूश करावं. आत्याच्या कानाला ट्रान्झिस्टर चिकटलेला असायचा. म्हणून सायमाने शनिवारच्या निरोपांच्या कार्यक्रमाला निरोप पाठवला. लेकीच्या नावाने.

निवेदकाने तो दुपारी वाचला. "ओकालोंगोच्या मेमे न्देयापो, विंडहुकहून तुमची म्बुशे न्देयापो विचारतेय. नावा?"

नावा? बरं आहे ना? कोणीही भेटलं की आम्ही हे विचारतो, आणि उत्तर एकच असतं. एऽ. अंगात ताप असो, घरात सुतक असो, आधी 'एऽ' म्हणायचं आणि रडगाणं नंतर गायचं. 'नावा'ला उत्तर न देणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

संध्याकाळी उत्तरेतून फोन आला.

आत्या गेली होती. सकाळीच.

कोणालाही न सांगता ती विंडहुकला यायला निघाली होती. रस्त्याकडेच्या ताडाखाली, टोपली शेजारी ठेवून, गाडीची वाट पाहत बसली होती. जाणारे-येणारे म्हणाले, म्हातारीचा डोळा लागलाय. दुपारी गाडी आली तेव्हा कळलं.

ड्रायव्हरने तांगेनीला फोनवर सांगितलं, "मांडीत रेडिओ चालू होता हो. तुमचाच निरोप लागला होता. मी हसून म्हटलं, मेमे, उठा, तुम्हाला विचारतायत..."

सायमाने मेलेल्या बाईला खुशाली विचारली होती.

आणि उत्तर यायचं राहिलं होतं.

मातीला सगळे उत्तरेत जाऊन आले. परतल्यावर पहिल्याच सकाळी सायमा ओट्यापाशी पेज ढवळत होती. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालू होता.

"आता लाइनवर आहेत मेमे न्देयापो," निवेदक म्हणाला. "मेमे, नावा?"

...

काहीच नाही.

फोन तुटला नव्हता. मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. श्वास ऐकू येत होता.

फक्त 'एऽ' नव्हता.

मग ती बाई म्हणाली, "ओशिवेलोला आले."

आणि लगेच शेळीबद्दल बोलायला लागली, करडू आचळ धरत नाही म्हणून. निवेदकही शेळीबद्दलच बोलायला लागला. मधलं वाक्य जणू बोललं गेलंच नव्हतं.

चटईवरच्या पोरीने मान वळवली आणि ती रेडिओकडे बघत बसली.

ओशिवेलो म्हणजे उत्तरेतून खाली येताना लागणारं फाटक. कच्चं मांस घेऊन कोणी येतंय का, ते तिथे तपासतात. ते ओलांडलं की रस्ता सरळ विंडहुकचा.

तांगेनीने हसण्यावारी नेलं. "उत्तरेत न्देयापो काय कमी आहेत? एक दगड मारलास तर तिघी ओरडतील."

"त्या तिघी 'एऽ' म्हणतील, तांगेनी. ही म्हणाली नाही."

"शेळी आजारी असली की माणसाला सुचत नाही."

दोन दिवसांनी सायमा कपडे वाळत घालत होती. खिशात फोन, कानात पॉडकास्ट. स्वतःचा धंदा उभा करणाऱ्या मुलींच्या मुलाखती असतात, तो. बोलणारी मुलगी वेण्या घालायचं दुकान चालवायची. आवाज कोवळा, विशीतला.

"आपली आजची पाहुणी, न्देयापो. नावा, न्देयापो?"

...

सायमाच्या हातात लंगोट तसाच राहिला.

"त्सुमेबला आले," ती मुलगी म्हणाली. मग हसली, आणि पहिली खुर्ची कशी घेतली ते सांगायला लागली.

त्सुमेब म्हणजे त्या फाटकाच्या पुढचं गाव. आवाज वेगळा होता. वय वेगळं होतं. पण त्या दोन शब्दांपुरता... सायमा शपथेवर सांगते, त्या दोन शब्दांपुरता तो म्हातारीचा होता.

पण पॉडकास्ट रेडिओसारखा नसतो, तो पुन्हा लावता येतो. तांगेनी जेवायला घरी आला, तशी तिने फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"नावा, न्देयापो?"

...

"ओचिवारोंगोला आले."

तांगेनीचा घास हातातच थांबला.

"तू त्सुमेब म्हणालीस ना मला?"

"त्सुमेबच म्हणाली होती."

"सायमा, ही ओचिवारोंगो म्हणतेय."

दोघं फोनकडे बघत राहिली. ओचिवारोंगो त्सुमेबच्या खूप खाली आहे. अर्ध्याहून जास्त रस्ता सरला होता.

"पुन्हा लावू?" तांगेनीने विचारलं.

"नको," सायमा म्हणाली. "दर वेळी पुढे येईल ती."

त्या दुपारी त्याने लेकीला उचललं, तेव्हा तो आत्या म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मेमे हिल्या आल्या. ऐकून घेतलं. नातीला मांडीवर घेतलं नाही, हात शालीखाली धरून बसल्या.

"तू विचारलंस," त्या म्हणाल्या. "विचारलं की उत्तर द्यायला यावंच लागतं माणसाला. आमच्या वन्सं मानी होत्या, कोणाचं काही ठेवून घ्यायच्या नाहीत. पण मेलेलं माणूस 'बरी आहे' कुठल्या तोंडाने म्हणणार? आता ती पोरीकडून म्हणवून घेईल. म्बुशेच ती. एकीने म्हटलं की दुसरीने म्हटल्यासारखंच."

"आणि पोरीने म्हटलं तर?"

"मग पोर कोणती आणि वन्सं कोण, ते सांगता यायचं नाही." सासूबाई पुढे सरकल्या. म्हणाल्या, "नाव बदल. आजच्या आज. बाप्तिस्मा कुठे झालाय अजून? दुसरं काहीही ठेव. नावच नसलं तर म्हातारी शोधणार कोणाला?"

तांगेनी खाली बघत होता. "आई म्हणतेय ते..."

"नाही," सायमा म्हणाली.

"सायमा, हट्ट करू नकोस."

"सात महिने या नावाने हाक मारली की ती वळून हसते. ते तिचं आहे. कोणी दारात आलं म्हणून मी माझ्या पोरीचं नाव लपवू? उद्या पाय मागितले तर पायही देऊ का?"

"बाई, तू शिकलेली आहेस, तुला वाटतं..."

"मेमे, मला काही वाटत नाही. मला भीती वाटते. रात्रभर तिच्या नाकापाशी बोट धरून बसते मी. पण नाव बदलणार नाही."

मेमे हिल्या उठल्या. दारात थांबून नातीकडे बघितलं. "येते, वन्सं," म्हणाल्या, सवयीने. आणि स्वतःच दचकल्या.

शुक्रवारी लेकीला लस टोचून सायमा टॅक्सीने परत येत होती. गाडीत फुटबॉलचा कार्यक्रम चालू होता. लोक फोन करून पंचाला शिव्या घालत होते. ड्रायव्हरही घालत होता.

"पुढचा फोन... न्देयापो. बाईमाणूस, वा. ताई, नावा?"

...

"ओकाहांद्याला आले."

"मला इथेच उतरवा," सायमा म्हणाली.

"इथे? अजून दोन चौक आहेत, मेमे. पोरगं घेऊन उन्हात चालणार?"

"उतरवा."

"पंचाचा राग माझ्यावर काढू नका," तो म्हणाला आणि त्याने गाडी कडेला घेतली. त्याने काहीच ऐकलेलं नव्हतं.

ओकाहांद्या म्हणजे शेवटचा थांबा. त्यानंतर विंडहुकच.

ती चालत होती. दुपारची वेळ. घराघराच्या खिडक्या उघड्या, घराघरात रेडिओ. एका घरात प्रार्थना, पुढच्या घरात बातम्या, त्याच्या पुढे कोणाच्या फोनवर गप्पा. रोजचाच गोंगाट. ती आपल्या गल्लीत वळली...

आणि एका घरातून आवाज आला, "आपल्यासोबत आहेत न्देयापो."

पुढच्या घरातून, "स्वागत, न्देयापो."

समोरच्या खिडकीतून, "न्देयापो, ऐकू येतंय ना?"

वेगवेगळी केंद्रं. वेगवेगळे आवाज. मग सगळीकडून एकदम, "नावा?"

...

गल्ली गप्प झाली. कुत्रंसुद्धा भुंकेना.

सायमा पळाली. घरात शिरून तिने लोखंडी दार ओढून घेतलं, कडी लावली. घरातला रेडिओ बंदच होता. तरीही तिने पिन उपटून काढली. मग फोन बंद केला.

आता काहीच ऐकू येत नव्हतं.

मग वास आला. मारुलाच्या तेलाचा. म्हातारी उत्तरेत त्या झाडाच्या बियांतून स्वतः काढायची, ते तेल. टोपलीत तेच घेऊन निघाली होती ती.

दाराबाहेर काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. वेताची टोपली ठेवावी तसा.

"म्बुशे..."

रेडिओतून नाही. दारातून.

"म्बुशे... नावा?"

कडेवरच्या पोरीने दाराकडे मान वळवली. तिचे ओठ हलले. त्याच महिन्यात ती आवाज काढायला लागली होती, आणि सगळ्यात आधी जो जमला तो हाच. एऽ. दिवसभर एऽ, एऽ चालायचं.

सायमाने तिचं तोंड दाबलं नाही. ती दारापाशी गेली.

"तिला नको विचारूस, आत्या. तुला विचारलं होतं ते मी. आता पुन्हा विचारते. नावा?"

...

"बोल. कुठवर आलीस ते सगळ्या देशाला सांगत आलीस ना? मग हेही सांग. बरी आहेस?"

...

दाराच्या फटीतून ऊन येत होतं. त्यात सावली नव्हती.

"'एऽ' म्हणता येत नाही तुला. मला माहीत आहे. मी तुला दोष देत नाही. तू हिला बघायला निघाली होतीस, मीही वाट बघत होते. बघ." तिने पोरीला दोन्ही हातांनी दाराच्या फटीसमोर धरलं, उजेडात. "ही न्देयापो. आली ती ही. तू वाटेत राहिलीस. नाव तुझं होतं, हिने घेतलं, आता ते परत मिळणार नाही. हिच्या तोंडून मी तुला काहीही म्हणू देणार नाही. आत यायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने 'एऽ' म्हण आणि ये. कडी काढते मी."

आणि तिने खरंच कडी काढली.

मला हे सांगताना ती इथे नेहमी थांबते.

दार उघडलं नाही. कोणी ढकललं नाही. पोर दाराच्या फटीकडे बघत होती. सायमा तिच्या ओठांकडे बघत होती. पूर्ण वेळ. ओठ मिटलेले होते, हे ती कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे.

मग गल्लीत कुत्रं भुंकलं. कोणाच्या तरी घरात बातम्या सुरू झाल्या.

बाहेर टोपली नव्हती. पायरी कोरडी होती. फक्त पोरीच्या जावळाला मारुलाच्या तेलाचा वास येत होता. तीन वेळा न्हाऊ घातल्यावर तो गेला.

रविवारी बाप्तिस्मा झाला. पाद्रींनी नाव विचारलं. मेमे हिल्या मागच्या बाकावरून मान हलवत होत्या, नको, नको. सायमाने तांगेनीकडे न बघता नाव सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

घरी आल्यावर तांगेनी म्हणाला, "तो पॉडकास्ट एकदा लावून बघू."

त्यांनी लावला.

"आपली आजची पाहुणी, न्देयापो. नावा, न्देयापो?"

"एऽ."

गाव नाही. पुढचं काहीच नाही. ती मुलगी लगेच खुर्चीबद्दल बोलायला लागली.

तांगेनीने सुटकेचा श्वास सोडला. "झालं. उत्तर दिलं तिने. संपलं."

सायमाने ते पुन्हा लावलं. त्याने पुन्हा ऐकलं. मग त्याचा चेहरा बदलला.

तो 'एऽ' त्या विशीतल्या मुलीचा नव्हता. म्हातारीचाही नव्हता. बोळक्या तोंडाचा होता, ओला, शेवटी जरा वर जाणारा. तो आवाज ते दोघं रोज ऐकत होते.

ओठ मिटलेले होते. सायमा बघत होती.

मुलगी आता चालते. धडधाकट आहे, दिवसभर बडबडते. तांगेनी तिला पुन्हा आत्या म्हणायला लागलाय. सायमाने रेडिओ ठेवलाय, ओट्यावर, तिथेच. "तो मी विकत घेतलाय," म्हणते. त्यावर कोणी न्देयापो बोलायला आली की ती हातातलं काम टाकते, पोरीला कडेवर घेते आणि निवेदकाच्या आधी स्वतःच मोठ्याने विचारते, "नावा?"

पलीकडून 'एऽ' ऐकू येईपर्यंत पोरीला खाली ठेवत नाही.

परवा मी तिच्याकडे बसले होते. आरोग्याचा कार्यक्रम होता, कोणी नर्सबाई. नाव तेच. सायमाने विचारलं. निवेदकानेही विचारलं.

उत्तर आलं.

पण यायला जरा वेळ लागला... आणि तेवढ्या वेळात आमची न्देयापो बडबडायची थांबली होती.