बिस्को, चल घरी

सुई काढलेल्या सिरिंजमधून कुत्र्याला पेज भरवायची, तर दोन हात पुरत नाहीत. एका हाताने जबडा धरायचा, दुसऱ्याने दट्ट्या दाबायचा, आणि बाहेर सांडलेली पेज पुसायला तिसरा हात कुठून आणायचा? जोव्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून ही कसरत करत होती, आणि मधूनमधून स्टुलावरच्या लॅपटॉपकडे बघत होती. तिथे एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती.

"खा ना रे बिस्को. शेवग्याचा पाला घातलाय, भोपळा घातलाय. आता आणखी काय करू, नाचू?"

बिस्कोने पेज तोंडातून तशीच ओघळू दिली आणि भिंतीकडे मान वळवली.

"मासा दे त्याला, मासा!" दुकानाच्या फळीवरून नानाय ओरडली. नानाय म्हणजे जोव्हीची आई निम्फा. ती मोलो भागातल्या त्या गल्लीत साबण, शांपूच्या पुड्या आणि सुके मासे विकायची, आणि सल्ले फुकट द्यायची. "त्या डॉक्टरला काय कळतंय? अजून मिशी फुटली नाही त्याला!"

"नानाय, मागचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. मासा खाऊन हाड जुळत नाही."

"आणि पेज न खाता जुळतं वाटतं?"

जोव्ही शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी एका ट्रायसिकल रिक्षाने बिस्कोला उडवलं. हारो भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवून घेतलं होतं. तिथून आणल्यापासून तो असा होता. पाय बरा दिसत होता, ताप नव्हता. पण 'बिस्को' म्हटलं की ज्याचे कान टवकारायचे, तो कुत्रा आता नावाला वळूनसुद्धा बघत नव्हता. डोळे उघडे असायचे, पण त्यांत कोणी नव्हतं. हा विचार मनात आला तेव्हा जोव्हीला स्वतःचाच राग आला. कुत्रा दुखण्याने मलूल झालाय, एवढंच.

बिस्को तिचा नव्हताच मुळी. तो रोवेनाचा.

रोवेना समोरच्या घरातली. शाळेतून आल्यावर दोघी नानायच्या दुकानातल्या टीव्हीवर 'लाटांखालची घंटा' बघायच्या. त्या मालिकेतली नावाडीण बुडालेल्या चर्चच्या घंटेचा आवाज ऐकून पाण्यात उतरते. ती उतरली, आणि दुसऱ्या दिवसापासून मालिकाच बंद! ती वर आली का, हे कोणी दाखवलंच नाही. चिडून दोघींनी ब्लॉग काढला आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. म्हणजे रोवेना लिहायची आणि जोव्ही तिच्या चुका काढायची. हळूहळू त्यांच्यासारखेच चिडलेले लोक जमले, वर्षानुवर्षं टिकले. काही लग्न करून गेले, काही परदेशी गेले. रोवेना मागच्या पावसाळ्यात गेली, ती कायमचीच. रक्ताचा आजार होता. जाण्यापूर्वी ती म्हणाली होती, "माझी दोनच पोरं आहेत. बिस्को आणि ब्लॉग. दोघांना उपाशी ठेवू नकोस हं, मास्तरीणबाई."

आता एक पोर खात नव्हतं आणि दुसरं बेघर होणार होतं. ब्लॉगची जुनी जागा महिनाअखेर बंद होणार होती. म्हणून जोव्ही सगळं उचलून नव्या जागी नेत होती; लॅपटॉपवरची निळी पट्टी त्याचीच होती. रोवेनाचं खातं उघडता येत नव्हतं, तिचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला होता. तिची प्रत्येक गोष्ट, खालच्या सगळ्या गप्पांसकट, जोव्ही हाताने उतरवत होती. नव्या जागी रोवेनाच्या नावाचं खातंच नव्हतं.

जुन्या जागेवर तिने निरोपाची पाटी लावली होती: 'चला, नव्या घरी. लिहिणारे, वाचणारे, अर्ध्यावर सोडून गेलेले, सगळे चला. कोणी मागे राहू नका.'

ही पाटी तिने कौतुकाने नानायला वाचून दाखवली, तेव्हा नानायच्या हातातली सुक्या माशांची टोपली कलंडली.

"नाव न घेता हाक मारलीस?"

"अगं, ब्लॉग आहे तो."

"घर बदलतेयस ना? मग झालं. आणि 'सोडून गेलेले' कशाला लिहायचं ते? मेलेल्यांनासुद्धा आवतण?" नानाय खाली बसली. लेकीला ती मायेने 'इंदाय' म्हणायची. "इंदाय, खरं सांग. दवाखान्यातून निघताना या कुत्र्याला हाक मारली होतीस?"

जोव्ही सांडलेले मासे गोळा करायला लागली. लहानपणापासून हा एक त्रास होता. समुद्रावर जा, दफनभूमीत जा, दवाखान्यात जा, निघताना नानाय फाटकाशी थांबून, जगासमोर, मोठ्याने म्हणायची, "निम्फा, चल घरी. जोव्ही, चल घरी." माणसाचं शरीर निघतं, पण त्याचा दुंगान, त्याच्या जिवाचा तो अदृश्य जोडीदार, कधीकधी रेंगाळतो. त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं, नाहीतर तो तिथेच राहतो आणि माणूस झुरत जातो. रोवेना गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकाशी जोव्हीने तिलाही हाक मारायला तोंड उघडलं, तर नानायने तळहाताने तिचं तोंड गच्च दाबलं होतं. गेलेल्याला हाक मारायची नसते.

"डॉक्टर बघत होता," जोव्ही म्हणाली. "मी सायन्स टीचर आहे, नानाय. त्याच्यासमोर कुत्र्याच्या आत्म्याला काय बोलावू?"

"मग बस आता सायन्स भरवत," नानाय म्हणाली आणि उठून गेली.

त्या दुपारी पहिल्यांदा तो आवाज आला. बिस्को समोर आडवा होता, पायाला पट्टी, गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा. आणि लॅपटॉपमधून, अगदी बारीक, फरशीवर नखं वाजल्याचा आवाज येत होता. टक टक टक. थांबायचा. पुन्हा टक टक. जोव्हीने आवाज बंद केला, तरी येत राहिला. तिने झाकण मिटलं, तेव्हा थांबला.

बिस्को भिंतीकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी नव्या ब्लॉगवर पहिली प्रतिक्रिया आली. नाव: रोवेना. चित्र तेच जुनं, पिल्लू बिस्को तिच्या शर्टाच्या गळ्यातून डोकं काढून बघतोय ते. मजकूर एवढाच होता: 'त्याला भोपळा आवडत नाही गं.'

ब्लॉगवर जोव्हीने अपघाताबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिने तडक बाकोलोद शहरात फोन लावला. तिता बेबेट, म्हणजे बेबेटमावशी, ही ब्लॉगची सगळ्यात जुनी वाचक, निवृत्त नर्स, जिभेला हाड नसलेली. असला वाह्यातपणा केलाच तर तीच करेल.

"तिता, हे तुम्ही केलंय?"

"काय केलंय? मी अजून तुझ्या नव्या घराची पायरीसुद्धा चढले नाही, बाई. माझा नातू इथे दाब म्हणतोय आणि मला ते बटण सापडत नाही."

"रोवेनाच्या नावाने कोणीतरी लिहितंय."

पलीकडे पंखा घरघरत होता. मग तिता बेबेट वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पोरी, पुसून टाक. उत्तर देऊ नकोस."

जोव्हीने पुसलं. थोड्या वेळाने दुसरी प्रतिक्रिया दिसली. 'तिथे पेज कोणाला भरवतेयस? बिस्को इथे आहे. शेवटच्या पिंजऱ्यात. मी बसलेय त्याच्यापाशी, पण माझ्याबरोबर येत नाही. तुझीच वाट बघतोय.'

दवाखान्यात बिस्कोला शेवटच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. हे नानायलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी बिस्को पाणीही प्यायला नाही. डॉक्टरला फोन केला, तर तो म्हणाला, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे, मॅम. औषध चालतंय, पाय जुळतोय. तोच मनावर घेत नाहीये." जोव्हीने फोन ठेवला आणि कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. श्वास इतका हलका होता, की हात लावल्याशिवाय कळत नव्हता. ती रडली. दोन पोरं सांभाळायला दिली होती, त्यांतलं एकही तिला धड राखता येत नव्हतं. विज्ञान गेलं चुलीत.

"त्याची वाटी घेऊन जा," नानाय हळूच म्हणाली. आज तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "नाव घे. त्याचं एकट्याचं. मागे वळू नकोस. आणि निघताना स्वतःलाही हाक मार. विसरू नकोस, इंदाय."

भर दुपारची वेळ. हारोच्या त्या बाजूची वीज गेलेली. दवाखान्यात पंखे बंद, डेटॉलचा आणि ओल्या केसांचा वास. डॉक्टर पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

"त्याची चादर राहिली होती," जोव्हीने थाप मारली.

"आत बघा. तो पिंजरा रिकामाच आहे, मॅम. का कोण जाणे, दुसरा कुत्रा आत जायलाच तयार होत नाही."

आतल्या खोलीत दोन्ही बाजूंना पिंजरे. कुत्री होती, पण एकही भुंकत नव्हतं. सगळी उठून उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, शेवटच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे वळलेली होती.

तिने वाटी खाली ठेवली.

"बिस्को," ती म्हणाली. "चल घरी."

काहीच झालं नाही.

"बिस्को. राजा. चल घरी."

पिंजऱ्याचं दार, कडी न लावलेलं, जरासं हललं. मग फरशीवर नखं वाजली. टक टक टक. तीन पावलं आणि एक घसटलेलं. आवाज तिच्या पायांशी येऊन थांबला. तिच्या पोटरीला काहीतरी गार, ओलं लागलं.

तिला हसू आलं, रडूही आलं. तिने वाटी उचलली आणि वळून दाराकडे चालू लागली. नखं मागोमाग आली.

आणि त्यांच्या मागून आणखी काहीतरी आलं.

फट्, आणि एक सरपटलेलं पाऊल. फट्, आणि एक सरपटलेलं पाऊल. एका रबरी सपातेचा पट्टा तुटला होता आणि रोवेनाने तो तारेने बांधला होता. नवी घे म्हटलं की म्हणायची, चालतेय ना अजून.

जोव्ही पळाली.

डॉक्टर काहीतरी म्हणाला, ते तिने ऐकलं नाही. फाटक, रस्ता, समोर प्रवाशांसाठी थांबलेली जीपनी. ती आत घुसली, वाटी छातीशी धरून बसली, आणि गाडी निघाली तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

जीपनी भरलेली होती. तिच्या उजवीकडची जागा मात्र मोकळी राहिली. उभी असलेली माणसंसुद्धा तिथे बसेनात. पुढच्या थांब्यावर टोपलीवाली एक बाई चढली, मोकळ्या जागेकडे बघून तिने तोंड फिरवलं आणि सरळ जोव्हीच्या मांडीवर बसली.

"अगं बाई!" ती दचकून उठली. "दिसलीच नाहीस गं!"

मोलो आलं. जोव्हीने "थांबवा" म्हटलं. ड्रायव्हरने ऐकलं नाही. ती ओरडली, तरी नाही. शेवटी टपावर मूठ आपटली, तेव्हा त्याने गाडी थांबवली आणि आरशात बघितलं. कोणी आपटलं, हे तो आरशात शोधत राहिला.

घरी स्वयंपाकघरात बिस्को तीन पायांवर उभा होता.

उभा होता! नानायच्या हातातून मासा मटकावत होता, शेपूट अशी हलत होती की मागचं अख्खं अंग डुलत होतं. मग मासा अर्धा टाकून तो दाराशी आला आणि जोव्हीच्या शेजारच्या रिकाम्या हवेत उड्या मारायला लागला. पट्टीचा पाय विसरून, कुईंकुईं करत, जीभ बाहेर काढून हवा चाटत.

"आला गं बाई, आला!" नानाय डोळे पुसत म्हणाली. "कधीचा खातोय. तू कधी येशील म्हणून सारखी बघतेय मी—"

ती बोलता बोलता थांबली. जोव्हीकडे नीट बघू लागली, चष्मा नसताना बारीक अक्षर बघावं तशी.

"इंदाय," नानाय म्हणाली. "तिथून निघताना स्वतःला हाक मारलीस ना?"

जोव्हीचा फोन वाजला. नव्या ब्लॉगवर रोवेनाचा निरोप होता.

'आम्ही पोहोचलो. तू कुठे राहिलीस?'

नानायने मासा खाली ठेवला. हातसुद्धा न धुता ती बाहेर गेली, फाटक उघडलं, आणि हारोच्या दिशेने तोंड करून मोठ्याने म्हणाली, "जोव्ही! चल घरी!"

"नानाय," जोव्ही तिच्या मागे उभी राहून म्हणाली. "मी इथेच आहे."

नानाय वळली नाही. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

बिस्को लंगडत बाहेर आला. जोव्हीच्या पायांजवळून गेला, पण तिला त्याने हुंगलंसुद्धा नाही. फाटकाशी नानायच्या शेजारी तो बसला आणि कान टवकारून रस्त्याकडे बघत राहिला, रोज तिची शाळा सुटायच्या वेळी बघायचा तसा.