गंजीला पडलेली भेग

"आता पाहा," म्हणत धम्मरत्नमामाने परात हळूच तिरपी केली. परातीत खाली साखर होती आणि तिच्यावर थापून बसवलेलं पीठ. पिठात आडवी भेग पडली आणि अख्खा थर एकदम घसरला!

"बर्फाचा कडा असाच सुटते," मामा म्हणाला. तो सैन्यात होता. दोन हिवाळे काश्मिरात काढून सुट्टीवर दिग्रसला आला होता. "वरचा बर्फ आवळून घट्ट होते, खालचा रवाळ राह्यते. आधी भेग पडते, मग पोटातून 'धप्प' आवाज येते. तो आयकला का तिथं थांबाचं नाही."

बारा वर्षांच्या प्रेरणाला सगळं पटलं. आईला साखरेचं काय सांगायचं, एवढंच उरलं.

दुपारी प्रेरणा आणि सकाळी परात पाहायला आलेला शेजारचा कपिल आईचा डबा घेऊन जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर निघाले. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना दुसरा उद्योग नव्हता. प्रेरणाची आई सत्यभामा तिथे कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायची. सहा बाया कापसाच्या ढिगाच्या, गंजीच्या अगदी पायथ्याशी बसत, कारण सावली तिथेच असे.

दुमजली घराएवढी ती गंजी पाहून प्रेरणा थबकली. परवाच्या अवकाळी पावसाने वरचा कापूस भिजून, वाळून पापडासारखा आवळला होता. यंत्राचा नळ मात्र खालूनच कापूस ओढत होता. वरून काढायला शिडी लागते, माणसं लागतात. खालून काढणं सोपं! त्यामुळे गंजीचं पोट आत गेलं होतं, आणि माथ्याजवळ एक लांब भेग पडली होती.

"कपिल, मामाची परात आठवते?" ती म्हणाली. "इथं तर कोणी खालची साखरच काढून राह्यलं."

दोघं मुकादम किसनसिंगकडे धावले आणि बर्फाच्या कड्याची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. "बर्फ? दिग्रसमधी? पंधरा वर्षं झाले मले या कामात. डबा दे अन् घरी जाय."

आईनेही ऐकलं नाही. "मुकादम म्हणते ना, काही होत नाही. काम टाकून कशी उठू मी?"

इतक्यात गंजीच्या पोटातून आवाज आला. धप्प. भेग आता हातभर रुंद झाली होती. आई तिथेच बसली होती, मान खाली घालून.

विनवण्या करण्यात अर्थ नव्हता. किसनसिंग कशाला भितो? फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची बिडी-काडी तो स्वतः काढून घेई. कापसाच्या धंद्यात सगळे एकाच गोष्टीला भितात, आगीला! प्रेरणा कपिलच्या कानाशी लागली. कपिल मुळातच थापाड्या, त्यात आज परवानगी मिळालेली.

"काका, माझी काडीपेटी कापसात पडली हो!" तो ओरडला.

किसनसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. "नळ बंद करा! यंत्रात गेली तर आग लागते! सगळे फाटकाकडे!"

सत्यभामा डबा घ्यायला वळली. "राहू दे तो डबा!" प्रेरणाने तिला हाताला धरून ओढलंच. सगळे फाटकापाशी पोचले, आणि मागे गंजीचा माथा सुटला. मोठा आवाजही झाला नाही. क्षणापूर्वी बाया बसल्या होत्या तिथे दोन पुरुष उंच कापूस साचला.

"अन् काडीपेटी?" किसनसिंगने विचारलं.

"नव्हतीच," प्रेरणा म्हणाली. "खरं सांगतलं तवा तुम्ही हसले."

किसनसिंगने मान खाली घातली. "पोरी, पंधरा वर्षांत मी एकदाही वर पाह्यलं नाही."

जिनिंगचे मालक नानाजी धावत आले. त्यांनी आधी सहाही बायांना नावाने हाक मारून पाहिलं, मग किसनसिंगकडून सगळं ऐकून ते मुलांकडे वळले. "खोटं बोलणारे मले आवडत नाही. पण आज तुमच्या खोट्यानं सहा घरं वाचली. किसनसिंग, उद्यापासून गंजी वरूनच काढाची."

घरी जाताना सत्यभामाने लेकीचा हात घट्ट धरला, लहानपणी बाजारात धरायची तसा. चौकात वर्गातल्या मैत्रिणी बघत होत्या. तरी प्रेरणाने तो सोडवून घेतला नाही.