सहा वाजता चावणारा नळ

शाल्मलीच्या घरातला नळ चावायचा. सगळे नळ नाही, फक्त मोरीतला गरम पाण्याचा, आणि तोही संध्याकाळी सहा वाजता. सव्वासहा झाले की तो पुन्हा शहाण्यासारखा वागायचा.

चावायचा म्हणजे त्याला हात लावला की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. पायांत कोरडी रबरी चप्पल असली तर काही व्हायचं नाही. अनवाणी आणि ओल्या पायांनी उभं राहिलं की मात्र हमखास. एकदा तिनं घराचा मेन स्विच (घरात येणारी सगळी वीज बंद करणारा मोठा खटका) खाली ओढून पाहिला. दिवे गेले, पंखा थांबला, भिंतीवरच्या पडद्यातली शाळा मिटली. नळ तरीही चावला.

घरात वीजच नाही, तर चावतंय काय?

दुसऱ्या एखाद्या मुलीनं हे त्याच दिवशी आईला सांगितलं असतं. शाल्मलीनं ते वहीत लिहिलं, तारीख-वारासकट, आणि वही उशीखाली ठेवून दिली. आता तुम्ही म्हणाल, काय ही अक्कल. पण ती कुठं राहत होती ते आधी ऐका.

एका उंच पठारावर पवनचक्क्या होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी तिथं सहा घरांची एक वसाहत बांधलेली होती. पुढं पवनचक्क्या स्वतःच स्वतःची काळजी घ्यायला लागल्या आणि माणसं एकेक करून खाली उतरली. चार घरांना कुलपं लागली. चार नंबरात शाल्मली आणि तिची आई राहायची. आई एकटी बावीस पवनचक्क्या सांभाळायची. सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सातला यायची. शाळा भिंतीवर भरायची, दूध ड्रोन टाकून जायचा. सहा नंबरात पानसे नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत. पूर्वी ते हवामान खात्यात होते आणि अजूनही रोज साडेपाचपर्यंत वारा मोजत बसत. त्यांच्या दारावर पाटी होती, ‘यंत्रांनी बेल वाजवू नये’. माणसांनी वाजवावी की नाही याबद्दल पाटीवर काही नव्हतं, पण शाल्मलीनं कधी धाडस केलं नव्हतं.

बोलायला कोण, तर मीटरकाका. हे तिनं ठेवलेलं नाव. खरं तर तो वीज कंपनीचा तपासनीस यंत्रमानव होता, दुधाच्या कॅनएवढा, सहा चाकांचा. दर महिन्याच्या चौदा तारखेला संध्याकाळी तो घाट चढून यायचा, मीटर पाहायचा, तारा तपासायचा आणि ‘काही तक्रार?’ असं विचारायचा. तक्रार नसली की निघून जायचा. मागच्या वेळी तो सहा मिनिटं थांबला होता. शाल्मलीनं घड्याळ लावून मोजलं होतं. त्या सहा मिनिटांसाठी ती आदल्या दिवसापासून केस विंचरून बसायची.

म्हणून तिनं नळाचं कोडं जपून ठेवलं होतं. तक्रार असली तर तो जास्त वेळ थांबेल, असा तिचा साधा हिशोब होता.

चौदा तारखेला पावणेसहाला मीटरकाका आला. “काही तक्रार?”

“आहे,” शाल्मली म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवता येईना. तिनं त्याला मोरीत नेलं. “थांबा हं. सहा वाजू देत.”

सहाला दोन मिनिटं असताना मीटरकाकानं आपला चिमट्यासारखा हात पुढं केला आणि एक तार नळाला, दुसरी ओल्या फरशीला लावली. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर शून्य दिसत होतं. सहा वाजले. शून्याचे बावन्न झाले.

“बावन्न व्होल्ट,” तो म्हणाला. “व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. ओल्या हाताला हा रेटा जीवघेणा ठरू शकतो. आधी मागे हो. चप्पल घाल. या नळाला आता कुणीही हात लावायचा नाही.” त्यानं नळाला लाल पट्टी गुंडाळली.

“पण मेन स्विच बंद केला तरी चावतो,” शाल्मली म्हणाली. “ते कसं?”

“तुझ्या गिझरच्या पत्र्याला एक हिरवी तार जोडलेली आहे. तिला अर्थिंग म्हणतात (गळालेल्या विजेला जमिनीत नेऊन सोडणारी वाट). गिझरमध्ये बिघाड झाला आणि वीज पत्र्यावर उतरली, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या तारेतून जमिनीत जावं, एवढ्यासाठी ती असते. मेन स्विच ही वाट कधीच तोडत नाही. तोडायचीही नसते.”

“मग ती तार चांगली झाली की. ती कशाला चावेल?”

“वसाहतीतल्या सहाही घरांच्या हिरव्या तारा एकत्र येतात आणि मागच्या एकाच खड्ड्यात जातात. तो खड्डा पाहू चल.”

खड्डा घरांमागं होता. त्यावर सिमेंटचं झाकण, बाजूला रंग उडालेला फळा. मीटरकाकानं झाकण सरकवलं. आत कोळसा आणि मीठ घातलेली माती होती, पण भेगाळून कोरडी ठणठणीत झालेली, आणि वीज तर ओल्या मातीतच नीट मुरते. आणि हिरव्या तारांना जोडलेली जाडजूड पट्टी, जी खोल मातीत जायला हवी, ती मिठानं गंजून वीतभर खोलीवरच तुटली होती.

“म्हणजे सगळ्यांची वाट इथं बंद झालीय,” शाल्मली हळूहळू म्हणाली. ती विचार करत होती. “माझ्या घरात बिघाड नाही. मेन स्विच बंद असतानाही चावतो म्हणजे वीज दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून गळतेय. ती हिरव्या तारेतून इथं येते, इथं जमिनीत जायला वाट नाही, म्हणून दुसऱ्या तारेनं माझ्या गिझरच्या पत्र्यात आणि तिथून नळात शिरते.”

“बरोबर.”

“चार घरं बंद आहेत.” तिनं सहा नंबराकडं पाहिलं. न्हाणीघराच्या काचेवर वाफ धरली होती. “पानसे आजोबा सहा वाजता अंघोळ करतात.”

“त्यांचा गिझर गळतोय. आणि तुझ्या नळात जेवढा रेटा आहे तेवढाच त्यांच्याही नळात आहे.” मीटरकाका आधीच वळला होता. चाकं खडीवर करकरत होती. “ही तक्रार किती दिवसांची?”

शाल्मलीला वाटलं खोटं बोलावं. “एकोणीस,” ती म्हणाली.

“कुणाला सांगितलंस?”

“तुम्हाला. आज.”

मीटरकाका रागावला नाही. त्याला रागावता येत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. तो फक्त म्हणाला, “एकोणीस दिवस ते रोज त्या नळाखाली बसले.”

तिनं जे कोडं म्हणून उशीखाली ठेवलं होतं ते कुणाच्या तरी जिवावरचं होतं, आणि एवढ्या दिवसांत हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सहा नंबराच्या भिंतीवर मीटरची पेटी होती. मीटरकाकानं ती उघडून खटका पाडला. खिडकीतला दिवा विझला. “आधी धोका थांबवायचा. बाकीचं नंतर,” तो म्हणाला. “आता तू बेल वाजव. नाही, वीज गेली. दार ठोठाव.”

“तुम्हीच सांगा ना.”

“माझं ते ऐकत नाहीत, पाटी वाच. आणि कारण न सांगता बंद केलेली वीज माणसं पुन्हा चालू करतात.”

शाल्मलीनं दार ठोठावलं. आतून काही आवाज नाही. पुन्हा ठोठावलं. तिच्या डोळ्यांसमोर नको ते यायला लागलं. तिसऱ्यांदा ती दोन्ही हातांनी दारावर थापा मारत असतानाच दार उघडलं. पानसे आजोबा पंचा गुंडाळून उभे होते. डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

“कुणी घालवली लाईट?”

“आजोबा, तुम्ही बरे आहात?” असं म्हणून शाल्मली रडायलाच लागली.

पानसे आजोबा गोंधळले. रडणाऱ्या मुलीशी कसं बोलायचं हे त्यांना वाऱ्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नसावं. त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळ्यातला साबण पुसला आणि पायरीवर बसले. मग हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं, नळ, वही, एकोणीस दिवस, खड्डा.

त्यांनी आपला उजवा हात उघडून पाहिला. “मला झिणझिण्या येतात खऱ्या,” ते म्हणाले. “रोज. मला वाटलं, वय झालं. सत्त्याहत्तरी आली, हात बधिर व्हायचेच.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“सांगायला खाली उतरावं लागतं बाळ. आणि इथं कुणाला सांगणार?”

शाल्मलीला एकदम कळलं की एकोणीस दिवस एकाच तारेच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच वेळी दचकत होती, आणि दोघांनीही ते आपल्यापाशीच ठेवलं होतं.

“पण खड्डा सुकला कसा?” आजोबा म्हणाले. “मी दर शनिवारी एक बादली पाणी घालतो त्यात. गेली अकरा वर्षं.”

“फक्त शनिवारी?” मीटरकाकानं विचारलं.

“फळ्यावर पाळ्या लिहिल्यात. एक नंबर सोमवार, दोन नंबर मंगळवार. माझी शनिवारची. दुसऱ्यांच्या दिवशी मी का घालू?” बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. “माती तडकलेली दिसत होती मला. म्हटलं, ज्याचं तो बघेल.”

“मग नक्की कुणाचं काम आहे हे?” शाल्मलीनं डोळे पुसत विचारलं.

“खांबापासून मीटरपर्यंतची तार आणि हा खड्डा कंपनीचा,” मीटरकाका म्हणाला. “पट्टी तुटेपर्यंत आमच्या लक्षात आलं नाही, ही आमची चूक, आणि ती मी अहवालात लिहिली आहे. मीटरच्या पुढचं घरमालकाचं. म्हणजे गिझर आजोबांनी बदलायचा, तोही परवानाधारक तारतंत्र्याकडून (वीजकामाची परीक्षा दिलेल्या कारागिराकडून). स्वतः उघडून बघायचं नाही. पण बिघाड दिसला की सांगायचं, हे ज्याला दिसला त्याचं. ते कुणाच्याही नावावर लिहिलेलं नसतं.”

“आणि तुम्ही आता जाणार?”

“माझा नियम आहे. धोका ज्यानं पाहिला त्यानं तो जबाबदार माणसाच्या हाती सोपवेपर्यंत जागा सोडायची नाही. माणसं उद्या दुपारी येतील. तोवर मी खड्ड्याजवळ आहे.”

एकोणीस दिवसांपूर्वी आईला सांगून कंपनीला कळवलं असतं, तरी तो आला असता आणि असाच थांबला असता. हे शाल्मलीच्या ध्यानात आलं.

आईला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. आई ओरडली नाही. वही वाचली, मिटली, आणि म्हणाली, “तुला कुणाशी तरी बोलायचं होतं हे मला सांगायचं होतंस.” मग ती शाल्मलीला कुशीत घेऊन बसली. भाजी करपली तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी खड्डा उकरला, तांब्याची नवी पट्टी बसवली, कोळसा-मीठ भरलं आणि मीटरकाकाच्या छातीवरच्या पट्टीवर सही केली. त्यांच्याबरोबर आलेल्या तारतंत्र्यानं काढलेला पानसे आजोबांचा जुना गिझर दारात आडवा पडला होता. मीटरकाका म्हणाला, “तक्रार मिटली,” आणि घाट उतरून गेला. शाल्मली वळणापर्यंत त्याच्याबरोबर गेली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्याला मान नव्हती.

सहा वाजता तिनं चप्पल घालून नळाला हात लावला. काही नाही. चप्पल काढली. तरी काही नाही. नळ नुसता नळ होता. ती बराच वेळ मोरीत उभी राहिली. घर फार शांत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पानसे आजोबा, हातात भरलेली बादली.

“आज गुरुवार,” ते म्हणाले. “चार नंबरची पाळी. तुला माहीत नसेल म्हणून आलो.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

“फळा पुसून नवा लिहू. तीन दिवस तुझे, तीन माझे. रविवारी कोण ते ठरवू.”

“आजोबा, खड्डा सुकला की दोन्ही घरांत दिवा लागेल असं यंत्र करता येईल?”

“मला तारांतलं कळत नाही, वाऱ्यातलं कळतं. पण ओल मोजता येते. माझ्याकडं एक जुनं उपकरण आहे, ते उघडून बघू.” ते थांबले. “वीज जोडलेली नसलेलं.”

शाल्मलीनं बादली उचलली. ती जड होती, म्हणून कडीची दुसरी बाजू आजोबांनी धरली.