बिनानावाची बाटली

नाव नाही तर तपासणी नाही. बाटलीवर नाव नसेल तर ती सरळ ओतून टाकायची आणि का म्हणून विचारायचं नाही, असं यशश्रीला लॅबमध्ये पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावणारे दोघं, लॅबचे प्रमुख एकनाथकाका आणि वसईच्या नर्स जसिंता आंटी. दोघांची उमर आखाती देशातल्या गाला या गॅरेजांच्या वस्तीतल्या त्या दवाखान्यात गेलेली.

२००१च्या जुलैतली दुपार. दवाखाना चारपर्यंत बंद. आसपासची गॅरेजंसुद्धा चिडीचूप, नुसती एसीची घरघर. नमुने घ्यायच्या खिडकीचं शटर ओढलेलं. तरी आतल्या बाजूला एक बाटली उभी होती. नाव नाही. यशश्रीने हातात घेतली तर कोमट. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा.

तिने तपासणीची पट्टी बुडवली. तिच्यावरचा रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला, म्हणजे रक्त असल्याची खूण. मायक्रोस्कोपखाली मात्र रक्ताची एकही पेशी दिसेना.

"काका, हे रक्त नाही. उन्हात राबून कुणाचे तरी स्नायू विरघळतायत. आज सलाईन लागलं नाही तर किडन्या जातील त्याच्या!"

एकनाथकाकांनी बाटलीकडे पाहिलंच नाही. "ओत ती."

"आणि माणूस?"

"माणूस नाय गं, बाय," जसिंता आंटी कुजबुजल्या. गळ्यातला क्रूस त्यांनी मुठीत धरला होता. "दर उन्हाळ्यात येते ही. शटर बंद असतानाच येते... ओत आणि हात धू."

"दर उन्हाळ्यात? आणि एकदाही तपासली नाहीत?"

"नाव नव्हतं ना..."

"मग विचारायचं होतं!"

खोलीत घामाचा, ओल्या सिमेंटचा वास भरत चालला. यशश्रीच्या मुठीतली बाटली तापू लागली. तिने शटर वर ढकललं. बाहेर पांढरंफटक ऊन. चिटपाखरू नाही.

"नाव काय तुमचं?" तिने उन्हालाच विचारलं. "नाम बोलो, भाई..."

टक्. बाहेरच्या कट्ट्यावर एक बाटली उभी होती. टक्. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी. एकीवरही नाव नाही.

"खलास, बस झालं, पोरी..." काकांचा आवाज चिरकला. "ओढ ते शटर!"

"नाही ओढणार. ओतणारही नाही. एकेकाला नाव विचारणार मी."

तिने पेन हातात घेतलं. कट्टा भरून गेला होता. आता बाटल्या टेकल्याचा टक् टक् आवाज खालून, जमिनीवरून येत होता.