बाबांच्या घरचा उंबरठा

ओल्शिन्का गावच्या जुन्या शाळेत आम्ही वारशाची खोली मांडली, तेव्हा हौस सगळ्यांत जास्त मलाच होती. विळे, चरखे, लोणी काढायची पिंपं असं बरंच जमलं. मग माझी नजर आमच्याच घराच्या ओकच्या उंबरठ्यावर गेली. चार पिढ्यांच्या पायांनी तो मधोमध झिजला होता. मी तो उखडून नेला आणि दारात गुळगुळीत सिमेंट करून घेतलं.

"आता माझी पेटी कशावर टेकवणार गं?" बाबांनी विचारलं.

"इतकी घाई आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

आमच्याकडे शवपेटी घराबाहेर काढताना उंबरठ्यावर तीनदा टेकवतात. गेलेला माणूस तेवढ्यात घराचा निरोप घेतो. नोव्हेंबरात बाबा गेले. खांदेकरी दारात सवयीने वाकले आणि तसेच थांबले. "चला, फादर खोळंबलेत," मीच म्हणाले. शिकलेली ना मी!

चौथ्या दिवसापासून आई पुन्हा बाबांच्याही वाटणीचे बटाटे सोलू लागली. भट्टीमागच्या बाकावर बाबांची घोंगडी, भट्टी रात्रीच विझलेली असूनही, रोज सकाळी कोमट लागायची. मी हात लावून पाहायची आणि कुणाला सांगायची नाही. मग आईने बाहेर पडणं सोडलं, पुढे जेवणही. "त्यांना एकटं करमत नाही," एवढंच म्हणायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आई माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती, आणि हे माझ्यामुळे होतंय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मी चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या वालेंतीकाकांना गाठलं.

"उंबरठा परत बसव," ते म्हणाले. "पेटी तर मातीत गेली. बाबांचं अंग रोज ज्यावर टेकायचं, असं एखादं लाकूड आण. तेच टेकवू."

सकाळी दहिवर गोठलेलं होतं. आम्ही दोघांनी उंबरठा बसवला. मी बाबांच्या पलंगाच्या उशाकडची फळी काढून आणली.

एक. दोन. तीन.

घर एकदम मोकळं झालं. मी आत धावले. घोंगडी गार होती. मला रडूच फुटलं.

बाहेर आले, तर आई दारात उभी. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"बरं केलंस, पोरी. आता कसं हलकं वाटतंय बघ." मग ती बोलतच राहिली. कोंबड्यांचं, सरपणाचं, शेजारणीच्या लेकीचं.

काका फळी न्याहाळत होते. "हा पलंग तुझ्या बाबांचा एकट्याचाच ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. बावन्न वर्षं दोघं त्यावरच..."

मी थांबले.

थंडी मरणाची होती. काकांच्या तोंडातून वाफ येत होती, माझ्याही.

आई बोलत होती, आणि तिच्या तोंडासमोरची हवा अगदी स्वच्छ होती.