उम्म दरजच्या बाभळीवरचं गाठोडं

तुम्ही चोर आहात. तुमचं नाव मला माहीत नाही, पर्यटन खात्याचे साहेब एवढा हुद्दा माहीत आहे, म्हणून हुद्द्यालाच लिहितो. तुमच्या लेखी तो कचरा होता. आमच्या लेखी ते औदाकाकाचं गाठोडं होतं, आणि तेवीस वर्षं त्याला वाऱ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

मी स्वैलम. सीनायच्या वाळवंटात उम्म दरज नावाच्या डोंगरावर वाटाड्या आहे. एकोणीस वर्षं लोकांना वर नेतो, खाली आणतो. तिखटमीठ लावून लिहायची मला सवय नाही. घडलं तसं सांगतो.

डोंगर तुम्ही फक्त फोटोत पाहिलाय. उजाडताच निघालं की चार तास कोरड्या नदीच्या वाळूतून चालायचं. पाऊल टाकावं तेवढं मागे सरकतं. मग पायऱ्या, एकोणीसशे. कुणा जुन्या साधूंनी रचलेल्या. एक वीतभर उंच, तर पुढची गुडघ्याला लागणारी. बाराशेव्या पायरीवर खिंड आहे आणि खिंडीत एकच बाभूळ. तिथून लाल डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात, आणि सगळ्यांच्या शेवटी समुद्राची निळी रेघ. धापा टाकत आलेला माणूस तिथे आधी मला शिव्या घालतो, मग गप्प होतो, मग उगाचच हसतो. मी हजारदा चढलो असेन, मलाही अजून हसू येतं.

त्या बाभळीला आम्ही सामान टांगतो. लांब जायचंय, ओझं नको, तर टांगायचं आणि निघायचं. ज्यानं टांगलं त्यानंच काढायचं. बायकोनं नाही, भावानं नाही, काझीनंसुद्धा नाही. चुकलेली उंटीण शोधायला काका पलीकडे उतरला तेव्हा त्यानं घोंगडी, किटली आणि दोर बांधून तिथे टांगलं. "येताना घेतो," म्हणाला. उंटीण तिसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली. काका आला नाही.

सब्हाकाकूला नंतर लग्नाच्या दोन मागण्या आल्या. दोघांनाही तिनं चहा पाजला आणि सांगितलं, "नवऱ्याचं सामान झाडावर आहे, म्हणजे नवरा वाटेत आहे. कप ठेवा आणि चालू लागा." आमच्या वस्तीत तिच्याइतकं सुखी माणूस मी पाहिलेलं नाही. तिची जर्दाळूची झाडं, तिच्या शेळ्या, आणि दोन दऱ्यांपलीकडे ऐकू जाईल असं हसणं.

फेब्रुवारीत तुमची सहा माणसं आली. खिंडीत बाक बसवायचा होता, फोटो काढायची जागा करायची होती. त्यांना मीच वर नेलं. तिघांना शिखर बघायचं होतं, तिघं दमून बाभळीखाली बसले. त्या तिघांना मी तिथे एकटं सोडलं. ही माझी चूक, कबूल करतो. पण टांगलेल्या सामानावर राखणदार ठेवायचा असतो हे आमच्यातल्या कुणाच्या बापाला सुचलं नसतं.

परत आलो तर झाड बोडकं. ते तिघं पोती घेऊन उतरलेसुद्धा होते.

"केवढा कचरा साठवलात हो तुम्ही लोकांनी," माझ्यासोबत शिखरावरून उतरलेला तुमचा मुकादम म्हणाला.

बाराशे पायऱ्या मी उड्या मारत उतरलो. खाली कोरड्या नदीत तुमच्या ट्रकचा धुरळा तेवढा दिसला.

काकू रडली नाही. हातातली कणीक तशीच धरून म्हणाली, "मग आता तो काय घेऊन घरी येणार?" गाठोडं परत द्या म्हणून अर्ज घेऊन मी तुमच्या शहरातल्या कचेरीत जाऊन आलो; तो बाहेरच ठेवून घेतला.

मार्चमध्ये उटे नावाची जर्मन बाई आली. आयुष्यभर टपाल वाटलेली, पासष्ट वर्षांची, पाय माझ्यापेक्षा घट्ट. "या पत्त्यावर पत्र आलं असतं तर मी नोकरी सोडली असती," असं म्हणत माझ्या पुढे निघून गेली. मी खिंडीत पोचलो तर ही बाकावर संत्रं सोलत बसलेली.

"तुझा माणूस फार चांगला आहे रे," म्हणाली. "शेवटच्या दोनशे पायऱ्या सोबत आला. पाय कुठे टाकायचा ते सांगत होता. दमायलाच झालं नाही."

"कुठला माणूस?"

"चाळिशीचा असेल. चपलेचा अंगठा दोरीनं बांधलाय. गाठोडं दिसलं का म्हणून विचारत होता. जर्मन कुठे शिकला? आमच्या गावची बोली बोलतो. तिकडे आमच्या शेजारच्या दरीतल्या लोकांनासुद्धा ती येत नाही."

त्या दिवशी डोंगरावर तिसरं कुणी नव्हतं. कुणीतरी बाईची थट्टा केली असेल, अशी मी समजूत घातली. माझी स्वतःची.

मे महिन्यात कोरियाचं एक म्हातारं जोडपं आलं. पुन्हा तोच चपलेचा अंगठा, तोच प्रश्न, आणि या खेपेला कोरियन भाषेत. नवरा म्हणाला, "माझी आजी बोलायची तसं बोलला." दोघांपैकी कुणी घाबरलं नव्हतं. उलट लग्नाहून आल्यासारखे खुशीत होते.

मला मात्र कुणी दिसलं नाही.

बाक तेवढा दिसला. तुम्ही तो समुद्राकडे तोंड करून सिमेंटमध्ये गाडला होता. आता त्याचं तोंड खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे होतं. मी गुडघ्यावर बसून सिमेंट तपासलं, नखानं खरवडलं. कुठे चीर नाही, भेग नाही. जणू पहिल्यापासून तसाच बसवला होता.

हे काकूला सांगू नये असं ठरवून मी घरी गेलो आणि चहा हातात यायच्या आधी सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तिनं निखाऱ्यात रोटी भाजली, फडक्यात बांधली आणि निघाली. साठीची बाई. मी पाचशेव्या पायरीवर टेकलो तर वरून ओरडली, "उठ रे, तुझे गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले!" वारा सुटला होता, रानदवण्याचा वास येत होता. मला आठवतं त्यात तेवढा छान चढ कधीच चढलो नव्हतो.

खिंडीत तिनं मला पन्नास पायऱ्या खाली पिटाळलं. तिथून मान वर करून बघितलं. काकू बाकाच्या एका कडेला बसली होती, दुसऱ्या कडेला जागा सोडून. रोटी तिनं मोडली. बोलत होती. मध्येच डोक्यावरची ओढणी तरुण बाईसारखी सारखी केली आणि हसली.

ऊन कलल्यावर खाली आली. फडकं रिकामं होतं.

"जराही म्हातारा झाला नाही मेला," ती म्हणाली. "आणि हट्टही तेवढाच. म्हणतो, टांगलेलं सोडून घरी आलो तर लोक काय म्हणतील? सामान टाकून पळालेला?"

"मग?"

"मग काय. गाठोडं मिळालं की येतो म्हणाला. कुणी नेलं ते त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं." तिनं फडक्याची नीट घडी घातली. "मी सांगितलं."

"काय सांगितलंस, काकू?"

"सगळं. कचेरी कुठे, साहेब कुठल्या मजल्यावर बसतो. तूच अर्ज घेऊन गेला होतास ना? तूच सांगितलं होतंस मला."

पुढच्या खेपेला वर गेलो तेव्हा बाकाचं तोंड समुद्राकडे होतं. त्यानंतर आलेल्या कुणालाच वाटेत कुणी भेटलं नाही.

कोरड्या नदीच्या वाळूत मात्र पावलं होती. एकाच माणसाची. उजव्या पावलापुढे दोरीच्या गाठीचा ठसा. पायऱ्यांपासून डांबरी रस्त्यापर्यंत सरळ, कुठेही न थांबलेली.

तुमच्या शहरापर्यंत आमच्या चालीनं पाच दिवस लागतात.

सहा दिवस थांबून मी तुमच्या कचेरीत फोन केला. पहारेकऱ्यानं उचलला. आमच्याच बाजूचा निघाला, म्हणून मोकळेपणानं बोलला.

"तुमचा माणूस आलाय की. साहेबांच्या खोलीत आहे."

"कधीपासून?"

"परवापासून. लिफ्ट दाखवली तर नको म्हणाला. चार मजले जिना चढला, पण धाप नाही लागली त्याला. चहा नेऊन दिला."

"साहेब काय म्हणतात?"



"साहेब बाहेर आलेले नाहीत. दार आतून लावलंय. पण सगळं ठीक असेल, गप्पा चालल्यात. आतून हसण्याचा आवाज येतो."

"मग बरं."

"हो," तो म्हणाला. "साहेबांचा नाही तो आवाज."

आमच्यात घरी आलेल्या पाहुण्याला तीन दिवस काम विचारत नाहीत. आणि तोही तीन दिवस काम काढत नाही. आज तिसरा दिवस आहे. हे पत्र घेऊन मी तालुक्याला चाललोय. तिथला फॅक्स चालू असेल तर दुपारपर्यंत तुमच्या टेबलावर पडेल. वाचायला तुम्ही नसलात, तर त्या खोलीत जो कुणी जाईल त्यानं वाचावं.

गाठोडं कुठे आहे? उत्तर द्या.