शंभर मीटरच्या आत

वाचनालयात चोवीस संगणक बसवायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी ग्रंथपालबाईंनी एक खोका उघडून आत डोकावलं आणि तोंड वाकडं केलं. खोक्यात हाताच्या पंजाएवढा एक काळा डबा होता.

"हा संगणक? आमच्या शब्दकोशाचा एक खंड याच्यापेक्षा जाड आहे."

"याला थिन क्लायंट म्हणतात, बाई. याला स्वतःचं डोकं नसतं. सगळं डोकं मागच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. हा फक्त पडदा दाखवतो आणि कळ दाबली की तिकडे कळवतो. वायर काढली की याला काही म्हणजे काही आठवत नाही."

"म्हणजे आमच्या शिपायासारखाच," बाई म्हणाल्या आणि तिला किल्ल्यांचा जुडगा देऊन निघून गेल्या.

मागची खोली पूर्वी पुस्तकबांधणीची होती. भिंतींना अजून खळीचा आंबूस वास होता. तिथे तिने सर्व्हर ठेवला, त्याच्यावर वायरी जोडायच्या खणांचा स्विच बसवला आणि त्यातून चोवीस निळ्या वायरी नव्या खोट्या छतातून वाचनकक्षात नेल्या. मंगळवार ते गुरुवार तीन दिवस ती शिडीवर होती. प्रत्येक वायरीला क्रमांकाची चिठ्ठी, स्विचपाशी प्रत्येकीचं हातभर वेटोळं. 'वायरीला श्वास घ्यायला जागा ठेव,' असं दादा म्हणायचा. तिला ही विद्या त्यानेच शिकवली होती. नऊ वर्षांची असताना तिने इस्त्रीच्या वायरीशी खेळून घरभर अंधार केला होता, तेव्हापासून तो तिला 'फ्यूज' म्हणायचा. दुसरं कुणीच म्हणायचं नाही.

गुरुवारी दुपारी तिने सगळे डबे सुरू केले. सर्व्हरच्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. एक, दोन, तीन. चोवीसाव्या ओळीखाली आणखी एक ओळ आली.

'नवीन यंत्र. मंजुरीच्या प्रतीक्षेत.'

तिने डबे मोजले. चोवीस. रिकामे खोके मोजले. चोवीस. काहीतरी गफलत असेल म्हणून तिने 'नाकारा' दाबलं. ओळ गेली. ती पाणी प्यायला उठली, परत आली, तर ओळ पुन्हा हजर.

शुक्रवारी सकाळी ती स्विचच्या मागे वाकली. पंचविसाव्या खणात दिवा लुकलुकत होता. त्यात एक निळी वायर होती. वायर तिच्याच गठ्ठ्यातली वाटत होती, हातभर वेटोळंही होतं. आपणच जास्तीची ओढली आणि विसरलो, असं तिने स्वतःला सांगितलं. पण विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तिची सगळी वेटोळी उजवीकडे वळलेली होती आणि हे एक डावीकडे. दादा डावखुरा होता.

तिने तो विचार झटकला आणि वायरीला टेस्टर लावला. टेस्टर वायरीत एक ठोका सोडतो, ठोका शेवटाला आपटून परत येतो आणि त्यावरून लांबी कळते. आकडा आला एक्याण्णव मीटर. इमारतीतली सगळ्यात लांब वायर अठ्ठावन्न मीटरची होती. बाकीची तेहेतीस मीटर वायर जाणार कुठे?

शिडी लावून ती छतात शिरली आणि टॉर्चच्या उजेडात वायरीचा माग काढत गेली. बाकीच्या चोवीस वाचनकक्षाकडे वळल्या. पंचविसावी सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि बोटभर भोकातून आत नाहीशी झाली. ती खाली उतरली, इमारतीला वळसा घालून भिंतीच्या पलीकडे गेली. तिथे मोकळी जागा होती, वाळलेलं गवत होतं आणि भिंत कोरी होती. भोक नाही, वायर नाही. हात पोचेल तिथवर तिने भिंतीच्या मातकट रंगावरून तळवा फिरवून पाहिला. कुठे खडबडीत नव्हतं.

परत वर जाऊन तिने भोकापाशी वायरीवर पांढऱ्या पेनाने एक रेघ मारली. काम करणाऱ्या माणसाला खुणेचा आधार लागतो.

दादा जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'जाऊन' म्हणजे काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एका कार्यालयाचं काम होतं, ती दोघंच होती. तो दूरच्या टोकाला खोट्या छतात, ती स्विचपाशी. ठरलेली खूण अशी, की तो वायर बांधून दोन झटके द्यायचा आणि ओरडायचा, "ओढ!" त्या दिवशी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. हातात वायर होती. दोन झटके आले. "ओढ!" ती हसत म्हणाली, "थांब रे जरा." थोड्या वेळाने पुन्हा दोन झटके. "ओढ गं, फ्यूज!" तिने बोलणं संपवलं, फोन ठेवला आणि मग ओढली. वायर हलकी आली, फार हलकी. टोकाला काही नव्हतं.

तिकडच्या टोकाला शिडी उभी होती, वरची फळी सरकवलेली होती. छत तिथून चार हातांवर भिंतीला भिडून संपत होतं. पोलीस म्हणाले, पळून गेला असेल. शेजारी म्हणाले, कुणाबरोबर तरी गेला असेल. आईने फक्त दाराला आतून कडी लावणं सोडून दिलं.

शनिवारी टेस्टरने चौऱ्याहत्तर मीटर दाखवले.

तिने टेस्टरची बॅटरी बदलली. चौऱ्याहत्तर. छतात जाऊन पाहिलं. पांढरी रेघ भोकापाशी होती तिथेच होती. वायर जागची तसूभर हलली नव्हती, फक्त तिचा शेवट जवळ आला होता.

खाली आली तेव्हा ग्रंथपालबाई वर बघत उभ्या होत्या.

"तुम्हीच होता ना वर?"

"हो."

"आणि मघाशी, मासिकांच्या कपाटांवर?"

"नाही. मी मागच्या भिंतीपाशी होते."

बाईंनी मासिकांच्या कपाटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उंदीर असतील. पण उंदीर असे थांबून थांबून चालत नाहीत हो."

तिने घरी जाताना सगळा हिशेबी विचार केला. वाचनालयाला बाहेरचं कनेक्शन अजून आलेलं नव्हतं. हे जाळं चार भिंतींच्या आतलं. कुणी बाहेरून खोडी काढावी तर वाटच नाही. आणि असली वायर शंभर मीटरपलीकडे चालत नाही. म्हणजे जे कुणी मंजुरी मागत होतं, ते शंभर मीटरच्या आत होतं. अकरा वर्षं तिने रेल्वे स्थानकांवर, इस्पितळांत, परक्या गावांच्या रस्त्यांवर माणसांचे चेहरे निरखले होते. शंभर मीटर म्हणजे काय? हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर.

रविवारी त्रेचाळीस मीटर होते. वाचनकक्ष भरलेला होता, पानं उलटल्याचे आवाज मागच्या खोलीपर्यंत येत होते. पडद्यावर तीच ओळ होती. 'नवीन यंत्र. मंजुरीच्या प्रतीक्षेत.' तिने आजवर ती एकोणीस वेळा नाकारली होती. मंजूर केल्याशिवाय पलीकडचा पडदा बघता येत नाही, हेही तिला माहीत होतं.

तिने 'मंजूर' दाबलं.

पलीकडचा पडदा तिच्यासमोर उघडला. बाकी चोवीस पडद्यांवर असते तीच निळी चौकट, 'नाव' लिहायची रिकामी जागा. त्या जागेत खूण लुकलुकत होती. मग एकेक अक्षर उमटलं, एका बोटाने शोधून शोधून दाबल्यासारखं.

'फ्यूज'

अक्षरं पुसली गेली. पुन्हा उमटली. सर्व्हरवरून कुठल्याही डब्यावर निरोप पाठवता येतो. 'दहा मिनिटांत यंत्र बंद होईल' असल्या निरोपांसाठी ती सोय असते. तिने लिहिलं, 'दादा, कुठे आहेस?'

बराच वेळ काही झालं नाही. मग त्या जागेत आलं, 'आत'.

आणि ते पुसून, 'आई?'

'बरी आहे. वाट बघते,' तिने लिहिलं. लिहिताना तिला पडदा नीट दिसत नव्हता. कितीतरी विचारायचं होतं. त्या दिवशी मी आधी ओढलं असतं तर, हे विचारायचं होतं. पण बोटांना ते जमेना.

तेवढ्यात त्या जागेत आलं, 'ओढ'

दार ढकलून ग्रंथपालबाई आत आल्या. "इंजिनीअरबाई, बाहेर या बरं. सगळ्या पडद्यांवर एकच शब्द आलाय. लोक मला विचारताहेत, काय ओढायचं?"

तिने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. चोवीस पडदे ताळ्यावर आले. पंचविसाव्या ओळीत काहीच दिसत नव्हतं, नुसती ओळ होती. बाईंना तिने तांत्रिक बिघाड म्हणून सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पण दारातून जाताना त्यांची नजर छतावरच होती.

संध्याकाळी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती शेजारी बसली.

"आई, दादा सापडला तर पहिलं काय विचारशील?"

आईने घडी थांबवली नाही. "काही नाही विचारणार. भूक लागलीय का, एवढंच."

"आणि तो बदललेला असला तर?"

"अकरा वर्षांत तू नाही बदललीस? मी नाही थकले?" आईने चादरीची दोन टोकं जुळवली, मग तिच्याकडे पाहिलं. तिने काहीच सांगितलेलं नव्हतं, तरी आई हलक्या आवाजात म्हणाली, "कसाही असला तरी आण."

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. जुडगा तिच्याकडेच होता. सकाळी अकराला तिने दार उघडलं. रिकाम्या वाचनकक्षात ऊन लांबलचक टेबलांवर पडलं होतं, खुर्च्या नीट आत सरकवलेल्या होत्या. तिच्या चपलांचा आवाज तिला मोठा वाटला. थांबली की तोही थांबायचा, पण एक पाऊल उशिरा.

टेस्टर म्हणाला, बारा मीटर.

स्विचपासून मागच्या भिंतीच्या भोकापर्यंतच अकरा मीटर होते.

पडद्यावर तोच शब्द होता. तिने विचारलं, 'तूच आहेस ना?' उत्तर आलं नाही. पलीकडे दादा होता, की दादाचे शब्द येणारं दुसरं काही, हे ठरवायला तिच्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की यावेळी ती 'थांब रे' म्हणणार नव्हती.

शिडी भिंतीपाशी लावून ती वर चढली. फळी सरकवली. वायर दोन्ही हातांत घेतली. वायर ऊबदार होती, पण वायरी ऊबदार होतात.

झटका आला.

दुसरा आला.

कुणी ओरडलं नाही. तिने ओढली.

दोन हात वायर आली. पांढरी रेघ तिच्या अंगठ्याखालून पुढे सरकली. एक मीटर उरला होता, म्हणजे आता शेवट यायला हवा होता. आला नाही. ती ओढत राहिली. पाच हात. दहा हात. पलीकडे वजन होतं. दगडासारखं मेलेलं नव्हतं. अडायचं आणि मग स्वतःहून सैल व्हायचं, अरुंद जागेतून कुणी कोपरांवर पुढे सरकावं तसं.

"येतोयस ना?" ती मोठ्याने म्हणाली. "ये. सावकाश ये."

तीस हात झाले. तिच्या खांद्यावरून खाली पडणाऱ्या वायरीचा शिडीच्या पायाशी ढीग झाला. तळव्यांची सालं निघाली. चाळीस.

मग वजन गेलं.

वायर हलकी झाली, फार हलकी. अकरा वर्षांपूर्वीही अशीच आली होती. भोकातून निळं टोक बाहेर आलं.

पण ते मोकळं नव्हतं. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून दुसरी वायर जोडलेली होती, आणि ती दुसरी वायर परत भोकात जात होती. जुनी करडी वायर, आता मिळत नाही तसली. एक संपली की तिच्या शेपटाला पुढची बांधायची आणि ओढणाऱ्याने ओढत राहायचं, ही धंद्यातली नेहमीची रीत.

ती शिडीवर तशीच उभी राहिली. खाली सर्व्हरचा पंखा फिरत होता. एका हातात वायर धरून तिने दुसऱ्या हाताने आईला फोन लावला.

"आई, आज मला उशीर होईल."

"किती?"

"माहीत नाही. अजून आहे."

आई म्हणाली, "बरं. मी जागी राहीन."

तिने फोन खिशात टाकला आणि जोडावर बोटं आवळली. चिकटपट्टी घट्ट आणि नीट गुंडाळलेली होती, डावखुरा माणूस गुंडाळतो तशी. कात्रीने कापलेली नव्हती. हात मोकळा नसला की धंद्यातली माणसं तोडतात तशी, दातांनी तोडलेली होती. वेड्यावाकड्या कडेवरून तिने अंगठा फिरवला.

कड अजून ओली होती.